पोचा भिंतीकडे

मी एक जुनी तांब्याची किटली आहे. मित्रांनो, स्वतःविषयी बोलायची मला सवय नाही. मुकाट्याने बसून राहायचे आणि मुलांनी माझ्याकडे पाहत राहायचे, हेच माझे काम. त्यामुळे सांगता सांगता कुठे अडखळले तर सांभाळून घ्या. माझ्याजवळ सांगण्यासारखे फार काही आहे असेही नाही. पण एक दिवस असा आला होता की मला कॉलर असती तर ती मी नक्की ताठ केली असती.

एका कारागिराने तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून मला घडवले. त्याच्या हातोडीचे बारीक ठसे अजून माझ्या अंगावर आहेत. तोटी त्याने वेगळी करून जोडली, वर दांडी बसवली आणि आतून कल्हई लावली. मग मी एका शाळेत आले, ती थेट शिक्षकांच्या खोलीत. गणिताचे सर आणि भाषेच्या बाई एरवी एकमेकांचे तोंड पाहत नसत, पण मधल्या सुट्टीत मी दारात दिसले की दोघांचेही कप एकदमच पुढे येत. असा माझा मान होता.

एकदा शिपाईदादा मला काठोकाठ चहा भरून घेऊन चालले होते. जिना नुकताच पुसलेला होता. त्यांचा पाय सरकला, त्यांनी कठडा धरला आणि मला सोडले. दादांना काही झाले नाही हे चांगलेच झाले, पण पायरीच्या कडेवर आपटून माझ्या कुशीत तळहाताएवढा पोचा पडला. आतली कल्हईही उडाली.

हेडक्लार्कने मला उलटसुलट करून पाहिले. "हिच्यात आता चहा नको. भंगारात टाका."

चित्रकलेच्या बाई तिथून चालल्या होत्या. त्यांनी मला दांडीला धरून उचलले आणि खिडकीशी नेले. "भंगार काय म्हणता? हिच्या अंगावर उजेड बघा कसा पडतो."

मित्रांनो, तोवर सगळे माझ्या चहाविषयी बोलत. माझ्या उजेडाविषयी कुणीतरी पहिल्यांदाच बोलले.

अशी मी चित्रकलेच्या वर्गात आले. तिथे एक उंच टेबल होते, त्यावर चुण्या पाडून पसरलेले करडे कापड, आणि सोबतीला हिरवी बाटली, लाकडी ठोकळा व नाक तुटलेला प्लॅस्टरचा पुतळा. चित्र पुरे व्हायला बरेच तास लागत. म्हणून माझ्या बुडाभोवती खडूने गोल आखून ठेवत आणि दर तासाला मला त्याच गोलात बसवत. बसवताना वर्गाचा मॉनिटर ओरडे, "पोचा भिंतीकडे."

हा बाईंचाच नियम होता. गोल भांड्यावर उजेड एका बाजूला पडतो, मग हळूहळू काळोख होत जातो, हे त्या मुलांना शिकवत. परीक्षेतही तेच तपासत. पोच्यामुळे मुलांचा गोंधळ व्हायला नको, म्हणून तो लपवायचा. कितीतरी वर्षे मुलांनी माझी चित्रे काढली आणि प्रत्येक चित्रात मी धडधाकट होते. खोटे कशाला बोलू, मला ते आवडायचे.

मग ती मुलगी आली. वर्गात गर्दी होती, आणि ही बुजरी. कुणाच्या डोळ्यांवर यायला नको म्हणून ती टेबल आणि भिंत यांच्यामधल्या फटीत स्टूल टाकून बसे. भिंतीला चिकटून बसते म्हणून वर्गाने तिचे नाव 'पाल' ठेवले होते. ते ऐकून ती नुसती हसे आणि पेन्सिलीला टोक काढत राही. त्या फटीत तिच्या अगदी समोर काय असायचे? माझा पोचा.

पालकांच्या भेटीच्या दिवशी तिचे वडील वर्गात आले. त्यांचे गॅरेज होते. गाड्यांच्या दारांना, बॉनेटला आलेले पोचे ठोकून काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ते दारातच उभे राहून म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी विषय निवडायचाय. हिनं हिशेबाचा विषय घ्यावा असं मला वाटतं. गॅरेज तरी सांभाळेल."

"तिचा हात फार चांगला आहे हो."

"हात माझाही चांगला आहे. म्हणून तर म्हणतो, घरात एक डोकंही लागतं." मग मुलीचा चेहरा पाहून ते जरा नरमले. "बरं, असं करू. या परीक्षेत 'अ' श्रेणी आण. मग तू चित्रकला घे, मी तोंड उघडणार नाही. नाही आली तर हिशेब. कबूल?"

मुलीने चपलेकडे बघत मान हलवली.

त्या दिवसापासून ती झपाटल्यासारखी चित्र काढू लागली. एका तासाला बाई तिच्या मागे येऊन थबकल्या. कागदावर माझ्या फुगीर कुशीत खोलगट जागा होती. जिथे उजेड हवा तिथे काळोख, आणि काळोखाच्या कडेला उजेडाची बारीक कोर.

"अगं, हे परीक्षेत चालत नाही. ते बुजव आणि नेहमीसारखी गोल काढ."

"पण बाई, इथून गोल दिसत नाही."

"ठाऊक आहे मला. तिथून बघणार कोण आहे?"

"मी बघते ना."

बाईंनी पुढच्या रांगेकडे पाहिले. "मग पुढं ये. मी जागा करून देते."

"नको बाई. इथूनच मला ती खरी दिसते."

बाईंनी सुस्कारा सोडला. "तुझ्या वडिलांनी काय अट घातलीय, विसरलीस का?"

ती विसरली नव्हती. तरी तिने खोडरबर उचलले नाही, हे मी जवळून पाहत होते.

परीक्षेला दरवर्षी बाहेरून तेच एक परीक्षक सर येत. एकेकाचे चित्र हातात घ्यायचे, त्याला समोर उभे करून दोन प्रश्न विचारायचे आणि पेन्सिलीने कोपऱ्यात श्रेणी लिहायची, ही त्यांची पद्धत. तिचे चित्र पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"छाया उलटी पडलीय. गोल भांड्याच्या पोटात खड्डा? उजेड कसा दाखवायचा ते बाईंनी शिकवलं नाही का?"

"शिकवलंय, सर."

"मग?"

"किटलीच तशी आहे, सर."

वर्ग खुसखुसला. सर म्हणाले, "अगं, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी हिला बघतोय. हिला ओरखडासुद्धा नाही." आणि त्यांनी कोपऱ्यात 'क' लिहिले.

मित्रांनो, मला एवढी मोठी तोटी आहे, पण त्या क्षणी तिच्यातून एक शब्द निघेल तर शपथ. बाईंनी बोलायला तोंड उघडले. त्यांच्याआधी एक बारीक आवाज आला.

"सर, तुम्ही नेहमी पुढून बघता. एकदा माझ्या जागेवर बसा ना."

खुसखुस थांबली. सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. ती मागे हटली नाही. सर पोटाशी हात धरून त्या फटीत शिरले आणि बुटक्या स्टुलावर बसले. त्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते. त्यांनी एक डोळा मिटला, पेन्सिल हातभर लांब धरली, माझ्याकडे पाहिले, चित्राकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले.

"बाई," ते तिथूनच म्हणाले, "ही अशी कधीपासून आहे?"

"या वर्गात आली तेव्हापासून, सर. मीच लपवते. मुलांचे गुण जातील म्हणून."

"म्हणजे इतकी वर्षं मी अर्धीच किटली तपासतोय." सर हसायला लागले आणि फटीतून निघताना अडकले. दोन मुलांनी त्यांना ओढून बाहेर काढले. मग त्यांनी खोडरबर मागून घेतले, 'क' पुसला आणि तिथे 'अ' लिहिले, एवढा ठसठशीत की मला टेबलावरून वाचता आला. "बाकी सगळ्यांनी किटली पाठ केलीय," ते वर्गाला म्हणाले. "हिनं एकटीनं बघून काढलीय."

वर्गाने बाके बडवली. 'पाल, पाल' असा गजर झाला आणि त्या दिवशी तो चिडवण्याचा नव्हता.

काही दिवसांनी आमच्याच वर्गात चित्रांचे प्रदर्शन भरले. तिचे वडील गॅरेजमधून थेट आले, नखांत काळे तसेच. ते चित्रासमोर उभे राहिले. मग त्यांचा अंगठा आपोआप पुढे आला आणि गाडीच्या दारावरून फिरवावा तसा त्या कागदावरच्या खोलगट जागेवरून फिरला. कागद सपाट लागला तेव्हा ते दचकले.

"बाबा, डाग पडेल."

"पडला." त्यांनी अंगठ्याकडे पाहिले, मग लेकीकडे. "भरलेली असताना पडलीय ही. कडेवर. हो ना?"

"हो," शिपाईदादा मागून हळूच म्हणाले.

"आणि हे तू नुसतं बघून काढलंस?" त्यांनी अंगठा सदऱ्याला पुसला. "घे गं तुझी चित्रकला. हिशेबाला मी माणूस ठेवीन." मग त्यांनी मला टेबलावर पाहिले आणि त्यांचे डोळे चमकले. "आणा ती इकडं. दोन ठोक्यांत सरळ करून देतो."

"नको," मुलगी, बाई, शिपाईदादा आणि अर्धा वर्ग एकाच दमात म्हणाला. ते दोन पावले मागे सरले. नंतर सर्वांत जास्त हसले तेच.

आता मला खडूच्या गोलात ठेवताना मॉनिटर ओरडतो, "पोचा वर्गाकडे." पोच्यासमोरच्या जागांसाठी भांडणे होतात आणि दर चित्रात मी निराळी दिसते.

मित्रांनो, माझे मागणे फार मोठे नाही. मला अधूनमधून मऊ फडक्याने पुसत जा, तांब्यावर हिरवे चढू देऊ नका. ठोकून मात्र सरळ करू नका. आणि पेन्सिल उचलायच्या आधी थोडा वेळ नुसते माझ्याकडे पाहा. घाई नाही. मी कुठे जात नाही.