मानाचा एक नंबर

२२ जानेवारी १९९९. सकाळी दाट धुकं, दहानंतर ऊन, वारा नाही.

मी एक पत्ता बोलतोय. गल्लीतल्या घराचा नव्हे, इंटरनेटवरच्या संगणकाचा. चार आकडे, मध्ये तीन टिंबं. माझा शेवटचा आकडा एक. त्या दिवशी मी बारामतीच्या एका शिक्षणसंस्थेत राहायला आलो.

आमचं वाटप ऑस्ट्रेलियातून होतं. एक पत्ता दोन यंत्रांना द्यायचा नाही आणि गरजेपेक्षा जास्त कुणाला द्यायचे नाहीत, एवढंच तिथल्या नोंदणी संस्थेचं म्हणणं. तिच्याकडून आम्ही इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे गेलो आणि तिथून तीस भावंडं बारामतीला आलो.

संगणक विभागाच्या प्रियदर्शनी मॅडमनी मला संस्थेच्या इंटरनेटच्या दारावरच्या यंत्राला लावलं. आतलं पत्र बाहेर जायचं आणि बाहेरचं आत यायचं ते माझ्या हातून. दिवसभर उसंत नसे. मला ते आवडे.

मग अध्यक्ष कुंडलिकराव, म्हणजे आबा, विभागात आले.

"एक नंबर कुणाला दिला म्हणं?"

"दाराला, आबा."

"दाराला? आन् अध्यक्षानं काय उंबऱ्यावर बसायचं?"

आबांनी कागदावर यात्रेतल्या मानासारखं वाटप केलं. स्वतःला एक, उपाध्यक्षांना दोन, पुढं संचालक, त्यांचे जावई. हार घातलेल्या फोटोतल्या माजी अध्यक्ष तात्यांना एकवीस.

"तात्यांच्या फोटोपुढं यंत्र नाही, आबा."

"यंत्र यील उद्या. नाव तर घाला!"

इंदापूरच्या शाखेला काही उरलं नाही. तिथल्या समिना मॅडम एसटीनं धडकल्या. "आमची बारा यंत्रं फडक्याखाली झाकून बसलीत. नऊ मार्चला तपासणी हाय. यंत्रं इंटरनेटवर दिसली न्हाईत तर कोर्सची मान्यता जाईल. पोरींचं वर्ष बुडंल."

प्रियदर्शनी मॅडमनी कंपनीला फोन लावला. उत्तर आलं: तुमच्या तिसातले दहाच चालू आहेत, आधी पडून आहेत ते वापरा.

"पडून कुठं हायती?" आबा म्हणाले. "नावं घातल्यात की!"

पुढच्या सोमवारी आबांच्या नव्या संगणकाची पूजा झाली. दारावर मी अजून होतोच, तरी मॅडमना न विचारताच ऑपरेटरनं त्यालाही माझा नंबर लावून ठेवला होता. नारळ फुटला, बटण दाबलं. आता मी दारातही होतो आणि आबांच्या टेबलावरही. कुणाची पत्रं कुणीकडं न्यावीत, कळेना. सगळ्या संस्थेचं इंटरनेट बंद पडलं.

"माझ्या यंत्रानं बंद पडलं?" आबांनी विचारलं.

"एक नंबर तुमचाच राहू द्या, आबा," प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या. "दाराला मी चौदा देते. फक्त मागची निम्मी भावकी इंदापूरला धाडायची."

"दाराला चौदा? बेस हाय. दाराला कशाला पुढचा नंबर!" आबांचा चेहरा खुलला, मग पुन्हा पडला. "पर त्यात तात्या गेलं की."

"तात्या मूळचं बावड्याचं न्हवं का?" समिना मॅडम म्हणाल्या. "इंदापूर तालुकाच. आपल्या गावाकडं गेलं म्हणा."

आबा हसले. "व्हय, जाऊ द्या. तिकडं त्यांचा मान जास्तीच व्हईल."

आमच्यात एक आणि चौदा यांत थोरला-धाकटा कुणी नसतो. दार कुठल्याही आकड्यानं उघडतं. हे मॅडमना ठाऊक होतं. आबांनी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मला तर कुणी विचारलंच नाही.

माझ्यासाठी आबांनी पुण्याहून लाल मखमलीचं आवरण मागवलं, कडेला सोनेरी झालर. पाहुणे आले की ते आवरणावरूनच दाखवतात. "एक नंबर. साऱ्या संस्थेत एकच!" पाहुणे मान डोलावतात. धूळ बसू नये म्हणून आवरण काढत नाहीत.

९ मार्च १९९९. ऊन कडक, दुपारी वावटळ. इंदापूरची बारा यंत्रं तपासणीत चालू दिसली. कोर्सला मान्यता मिळाली. तात्यांचा एकवीस पहिल्या बाकावरच्या यंत्राला आहे. दाराला चौदा आहे. मी आबांच्या टेबलावर आहे. यंत्र बंद आहे.