लोरीनचा फ्रिज

“लोरीन, त्याला सांग, एकसर जोडणी करणाऱ्या माणसाच्या हातात मी साधी बॅटरीसुद्धा देणार नाही. खिशातली,” रस्टी म्हणाला.

“लोरीन, त्याला सांग, मी मागितलेली नाही,” डेल्बर्ट म्हणाला.

दोघं हातभर अंतरावर बसले होते. मधे लोरीन गुडघे टेकून व्हॅनच्या पोटात डोकं घालून होती. तिच्या हातात लाल वायर होती, दातात काळी. काळी वायर काढून ती म्हणाली, “तुम्हा दोघांनाही ऐकू येतं ना?”

“मला येतं,” रस्टी म्हणाला. “त्याचं त्याला विचार.”

क्वार्ट्झसाइट गावाबाहेरच्या वाळवंटात, आपापल्या गाड्यांतच राहून हिवाळा काढायला आलेली माणसं एकमेकांना धर्म विचारत नाहीत, मत कोणाला दिलं विचारत नाहीत. गाडीच्या छतावरची सौर पॅनेलं एकसर, म्हणजे एकामागून एक, जोडलीत की समांतर, म्हणजे शेजारीशेजारी, एवढंच विचारतात, आणि उत्तर ऐकून खुर्ची जवळ ओढायची की उचलून न्यायची ते ठरवतात. डेल्बर्ट आणि रस्टी पूर्वी जिवलग मित्र होते. ओरेगनहून दोघं एकामागे एक गाड्या लावून यायचे. मग डेल्बर्टने पॅनेलं एकसर जोडली. तेव्हापासून रस्टी त्याच्याबद्दल बोलताना, माणूस वारल्यावर वापरतात तो काळ वापरायचा. “चांगला होता डेल्बर्ट,” तो म्हणायचा. डेल्बर्ट शेजारी बसून कॉफी पीत असायचा.

तरी दोघं आले होते, कारण तिथला रिवाजच तसा. कोणी पाना बाहेर काढला की दिसेल त्याने आपली घडीची खुर्ची घेऊन यायचं. न येणं उद्धटपणाचं. येऊन सल्ला न देणं त्याहून उद्धटपणाचं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. वीज मात्र नव्हती. छतावर दोन पॅनेलं होती, खाली बॅटरी होती, मधे तळहाताएवढी एक पेटी होती. उन्हाची वीज मोजून-मापून बॅटरीत भरायची हे त्या पेटीचं काम. तिच्या पडद्यावर काल सकाळपासून शून्य होतं. बाहेर ऊन असं होतं की बेडूक दगडावर बसला असता तर झुणका झाला असता. पडद्यावर शून्य.

“पेटी गेली,” डेल्बर्ट म्हणाला.

“त्याला सांग, पेटीच बदलली काल. माझी लावली. तिच्यावरही शून्य.”

“मग त्याची पेटीही गेली. नवल नाही.”

लोरीनने घड्याळ बघितलं नाही. रस्त्याकडे बघितलं. ओमाहाहून तिचा मुलगा निघाला होता. फीनिक्सला विमानातून उतरून भाड्याची गाडी घेऊन तो जेवायच्या वेळेपर्यंत पोचणार होता.

लोरीनला साखरेचा आजार होता. इन्सुलिन थंड ठेवावं लागे, आणि वाळवंटात थंड म्हणजे गावातून आणलेला बर्फ. एकदा बर्फ वितळला आणि औषध वाया गेलं. ही गोष्ट कोणाला सांगायची नाही असं तिने पक्कं ठरवलं, आणि त्याच दिवशी फोनवर मुलाला सांगून टाकली. केंडल म्हणाला, “आई, मी येतो. फ्रिज तुझ्या स्वतःच्या विजेवर चालत असला तर खुशाल राहा. नसला तर माझ्याबरोबर घरी यायचं. कबूल?”

“चालतोच आहे की,” लोरीन म्हणाली होती.

फ्रिज त्या वेळी खोक्यात होता.

केंडलच्या घरी तिने दोन हिवाळे काढले होते. तळघरात तिची खोली होती. सून मार्नी स्वभावाने इतकी चांगली होती की भांडायला कुठे बोटभर जागा नव्हती. लोरीनने चमचा उचलला की सून म्हणायची, “असू द्या ना, तुम्ही बसा.” लोरीनने उभं आयुष्य नेब्रास्कातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात पाचपाचशे पोरांना वाढण्यात घालवलेलं. तिला बसा म्हणणं म्हणजे माशाला पुसून कोरडं करणं. एके दिवशी ती जी बसली ती तीन महिने उठलीच नाही. उठली तेव्हा साठवलेल्या पैशांतून तिने ही व्हॅन घेतली.

व्हॅन पूर्वी दारोदार फिरून कुत्री धुणाऱ्याची होती. बाजूवर फेसाच्या टबात बसलेलं गुलाबी, कुरळ्या केसांचं पूडल कुत्रं रंगवलेलं होतं, आणि ते हसत होतं. लोक अजूनही कुत्री घेऊन यायचे. सुरुवातीला लोरीन त्यांना समजावून परत पाठवायची. मग तिच्या लक्षात आलं की समजावण्यापेक्षा कुत्रं लवकर धुऊन होतं.

आत्ताही एकजण वासराएवढं कुत्रं घेऊन उभा होता.

“बाई, आज जमेल का?”

“आज लाइट नाही हो.”

“धुवायला लाइट कशाला?”

“रडताना मला दिसत नाही, म्हणून,” लोरीन म्हणाली. माणूस कुत्र्याला घेऊन आदराने मागे सरकत गेला.

तेवढ्यात रस्त्यावर धूळ उठली. पांढरी छोटी गाडी आली आणि तिच्यातून केंडल उतरला. उंच, टकलाला उन्हाने आधीच लाली आलेली, इस्त्रीच्या पँटीला वाळवंट अजून लागलेलं नव्हतं. गारांनी घरांची छपरं फुटली की विमा कंपनीतर्फे ती तपासायची, हा त्याचा धंदा. नेब्रास्कात हे काम माणसाला म्हातारपणापर्यंत पुरतं. लग्नाला गेला तरी तो आधी चर्चचं छप्पर बघायचा, मग नवरी.

“आलास? जेवलास का?”

“आई, फ्रिज कुठाय?”

“आधी पाणी तरी पी.”

“फ्रिजमधलं दे.”

केंडलने आत जाऊन स्वतःच फ्रिज उघडला. आत अंधार होता, कांदे होते, आणि लोरीनचे लोकरी मोजे होते.

“मोजे?”

“कोरडे राहतात.”

केंडलने फ्रिज हळूच बंद केला, आजाऱ्याच्या खोलीचं दार लावावं तसा. मग तो बाहेर आला आणि वायरी पसरलेल्या त्या दोघांकडे बघत म्हणाला, “किती वेळ लागेल, साहेब?”

“अर्धा तास,” डेल्बर्ट म्हणाला.

“अर्धा दिवस,” रस्टी म्हणाला. “आधी याने केलेलं उपटावं लागेल.”

“काल काय म्हणाला होतात?”

दोघांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. कालही हेच म्हणाले होते.

केंडल लोरीनच्या शेजारी पायरीवर बसला. पँटीला धूळ लागली. त्याने ती झटकली नाही, तेव्हा लोरीनला कळलं की हा ठरवून आलाय.

“मी भांडायला नाही आलो गं. गेल्या वर्षी तू साखर उतरून दुकानात ब्रेडच्या फडताळासमोर पडलीस, तेव्हा फोन मला आला. अजून फोन वाजला की मला आधी ब्रेड दिसतो.”

“ठाऊक आहे रे.”

“खोली तयार आहे. मार्नीने पडदेसुद्धा लावलेत.”

“तळघरात खिडकी कुठे आहे?”

“खिडकीचं चित्र लावलंय. त्यावर पडदे.”

लोरीनने यावर बराच विचार केला. “चित्रात बाहेर काय दिसतं?”

“वाळवंट,” केंडल म्हणाला. “तुला आवडतं म्हणून.”

त्यात चेष्टा नव्हती. चेष्टा असती तर बरं झालं असतं. लोरीन उठली. शब्द दिला होता, आणि फ्रिजमध्ये मोजे होते. तिने घडीची खुर्ची मिटली, दोरीवरचे टॉवेल काढले, पिशवी उघडली. डेल्बर्ट आणि रस्टी काढलेल्या वायरी परत जोडून उभे राहिले. कोणाची तरी प्रेतयात्रा समोरून जावी तसे दोघांनी टोप्या काढल्या, आणि दुसऱ्यानेही काढली हे दिसताच दोघांनी परत घातल्या.

“निघण्याआधी छत बघून घेतो,” केंडल म्हणाला.

“कशाला आता?”

“सवय.”

व्हॅनच्या मागे शिडी होती. ती करकरत राहिली, मग थांबली. व्हॅन उंच होती. खालून केंडल दिसेनासा झाला. फक्त त्याची सावली दुसऱ्या बाजूला वाळूत पडली, जिथे लोरीन पिशवी घेऊन उभी होती.

सावली बघता बघता लोरीनला कालची घोंगडी आठवली.

सौर पॅनेलला बटण नसतं. ऊन पडलं की ते वीज करतं, विचारत नाही. म्हणून वायरींना हात लावण्याआधी वरून काहीतरी जाड अंथरायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. काल सकाळी डेल्बर्टने बजावलं होतं, आणि लोरीनने स्वतः वर चढून तपकिरी घोंगडी दोन्ही पॅनेलांवर पसरली होती, वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला दगड ठेवले होते. मग ती खाली आली. खाली एकसर की समांतर सुरू झालं होतं. डेल्बर्टचा गुडघा शिडीला नाही म्हणायचा, रस्टीला पहिल्या पायरीवरच घेरी यायची. वर कोणी गेलं नाही. कालपासून तीन म्हातारी माणसं वायरीत सूर्य शोधत होती आणि सूर्य घोंगडीवर बसून होता.

लोरीनने ओरडायला तोंड उघडलं. आणि मिटलं.

कारण सावली हलत नव्हती. दोन्ही हात कमरेवर ठेवून ती उभी होती. छपरं वाचणाऱ्या माणसाला घोंगडी, दगड आणि खाली शून्य यांचा मेळ घालायला किती वेळ लागणार? त्याला कळलेलं होतं. त्याने खाली उतरून ‘छत ठीक आहे’ एवढंच म्हटलं असतं तर आई मागच्या सीटवर बसली असती, आणि फोन वाजल्यावर त्याला ब्रेड दिसायचा बंद झाला असता. खोटंही बोलावं लागलं नसतं. छत ठीकच होतं.

लोरीन वाळूतल्या त्या सावलीकडे बघत राहिली. आपण हाक मारली तर तो ऐकेल, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच तिने मारली नाही; ठरवायचं ते त्याचं त्याने.

“काय करतोय तो वर?” रस्टीने विचारलं.

“काम,” लोरीन म्हणाली.

सावली वाकली.

पहिला दगड वाळूत धप्पकन पडला. मग दुसरा. रस्टी उडी मारून बाजूला झाला, एरवी ज्या माणसाला पायरीवर घेरी येते त्याच्या मानाने चांगलीच उडी. मग घोंगडी सुटली, हवेत जरा रेंगाळली, आणि सबंधच्या सबंध डेल्बर्टवर येऊन पडली.

पेटीने टिक् केलं. पडद्यावरचं शून्य गेलं आणि आकडे सुसाट वर चढायला लागले.

“डेल्बर्ट!” रस्टी किंचाळला. “अरे, धावतंय! डेल्बर्ट, लेका, बघ तरी!”

“किती आलं?” घोंगडीच्या आतून आवाज आला.

“भरपूर! तू बाहेर ये ना!”

“बाहेर कुठून आहे?”

रस्टीने त्याला हाताला धरून बाहेर काढलं. दोघं पेटीसमोर डोक्याला डोकं लावून बसले. आपण एकमेकांशी थेट बोललो हे त्यांच्या नंतर ध्यानात आलं, आणि मग दोघंही घाईघाईने खाकरले. पण उशीर झाला होता.

थोड्या वेळाने व्हॅनच्या आतून गुरगुर ऐकू आली. फ्रिज चालू झाला होता. लोरीनने त्याला हात लावला. तो थरथरत होता. ती खाली बसली आणि पोटातून हसायला लागली, इतकी की शेवटी टॉवेल तोंडाला लावावा लागला.

केंडल खाली उतरला.

“छत कसंय?” तिने विचारलं.

“उत्तम. गारांचा मार कुठे नाही.”

“बरं झालं.”

“घोंगडी तुझ्या लक्षात होती?”

“तू वर गेल्यावर आठवली.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू लगेच का नाही काढलीस?”

मग जणू ठरवून दोघांनी आपापला प्रश्न परत घेतला. केंडलने बर्फाच्या डब्यातून औषधाच्या बाटल्या काढल्या, ओल्या होत्या त्या शर्टाच्या टोकाने पुसल्या, आणि एकेक करून फ्रिजमध्ये लावल्या. मोजे काढून आईच्या हातात दिले. कांदे राहू दिले.

“पण रोज सकाळी फोन मी करणार,” तो म्हणाला.

“आणि संध्याकाळी मी,” लोरीन म्हणाली. “आता हात धुऊन घ्या सगळ्यांनी.”

तिने लोखंडी भांड्यात चिली केली, खिमा आणि राजमा घालून, आणि तिच्याबरोबर दालचिनीचे गोड रोल भाजले. नेब्रास्कातल्या शाळांत हे दोन्ही एकाच ताटात वाढतात, आणि त्यात काही वावगं आहे असं तिथल्या कोणालाही वाटत नाही.

“तिखटात गोड?” डेल्बर्टने विचारलं.

“एकत्र नाही खायचं. आलटून पालटून,” रस्टीने त्याला समजावलं.

“म्हणजे एकसर!”

“गप बस आणि रांगेत उभा राहा.”

व्हॅनच्या बाजूला, पूडलच्या डोक्याच्या वरच, एक खिडकी होती. लोरीनने ती उघडली, बाहेरची फळी पाडली आणि डाव हातात घेतला. डेल्बर्ट, रस्टी, वासराएवढ्या कुत्र्याचा मालक, आणि सर्वांत शेवटी केंडल.

शाळेत वाढायच्या दोन खिडक्या होत्या. एकीवर लोरीन असायची. केंडल पहिलीपासून शेवटच्या वर्गापर्यंत दुसऱ्या खिडकीच्या रांगेत उभा राहिला. तिने कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही. जाळीची टोपी घातलेली आई पोरांना कशी दिसते, हे तिला माहीत होतं.

रांग पुढे सरकली. केंडलने ताट पुढे केलं. लोरीनने वर न बघता डाव भरून चिली वाढली, कडेला रोल ठेवला, आणि सवयीने म्हणाली, “पुढचा.”

पुढचा कोणी नव्हता. केंडल तिथून हलला नाही. त्याने ताट फळीवर ठेवलं आणि खिडकीशी उभ्या उभ्याच जेवायला लागला.