रबराची पट्टी

रबराच्या पट्टीचा उरलेला तुकडा त्याने बोटाभोवती गुंडाळला होता, सोडला की पुन्हा आपसूक वळणारा... बोटाचं टोक पांढरं पडलं तरी तो सोडत नव्हता, कारण सोडला असता तर हाताला काही उरलं नसतं आणि नुसतं फोनकडे बघत बसावं लागलं असतं.

स्वयंपाकघराचं दार त्याने कालच नीट बसवलं. जगाची दारं बसवत हिंडणारा सुतार, आणि घरचं दार मात्र लग्नापासून वीतभर उघडं. "तुमच्या हाताला घरचं काम वर्ज्य आहे," बायको म्हणायची. तो हसण्यावारी न्यायचा. काल मात्र रंधा मारला, बिजागरी बदलली, चौकटीला सगळीकडून रबर लावलं, आणि ती ओले हात पुसत बघत राहिली. दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मग बहिणीला फोन केला. "अगं, मुहूर्त लागला एकदाचा! माझ्यासाठी सुट्टी काढून केलं हो."

माझ्यासाठी... तो तेव्हा भुसा झाडत होता. झाडतच राहिला.

तिचा खोकला थंडीत सुरू झाला, थंडी सरली तरी हटेना. तिने डॉक्टरचं नाव काढलं की तोच म्हणायचा — थांब जरा, नवा कायदा येतोय, आधीचा आजार असला तरी विमा नाकारता येणार नाही म्हणे. आत्ता दाखवलंस आणि भलतंच काही निघालं तर कुठलीही कंपनी दारात उभं करणार नाही, आणि मग पैसे आपण कुठून भरायचे? ती थांबली. शहाण्यासारखी थांबली, आणि थांबता थांबता तिच्या गळ्याची हाडं वर आली. मग कळलं, कायदा लांबला. कधी येईल ते कुणी सांगेना. तेव्हा मेहुणा म्हणाला, "जुन्या नियमानेच उरकून टाका. कंपनीची बाई फोन करेल. सगळे ठणठणीत आहेत म्हणायचं. मागे खोकला ऐकू आला नाही म्हणजे झालं!" मेहुणा हसला. हाही हसला, आणि हसता हसता मनातल्या मनात चौकटीचं माप घेऊन मोकळा झाला.

रबर कापताना लाज वाटली नव्हती. ती खूश झाली तेव्हा वाटली.

फोन वाजला.

"नमस्कार, विमा कंपनीतून बोलतेय. दोन-चार प्रश्न होते. बोलू शकता ना आत्ता?"

"हो... विचारा ना."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ती उभी होती, तोंडावर हात दाबून, खोकल्याने डोळ्यांत पाणी आलेलं. तिने फोनकडे पाहिलं. मग चौकटीकडे. त्या काळ्या पट्टीवरून सावकाश बोट फिरवलं. आत गेली आणि दार लावून घेतलं — हळूच, त्याच्या कामाला हातभार लावावा तसं.

"घरात कुणाला जुना खोकला, दम, असं काही?"

त्याने कान दिला. काम झाल्यावर देतो तसाच, सवयीने. आतून काही येत नव्हतं. खोकला नाही, भांड्याचा आवाज नाही. कुठे म्हणून फट नाही.

आधी वाटलं ते समाधान, कारागिराचं. आणि पाठोपाठ त्या समाधानाचीच अशी शरम वाटली की कानशिलं तापली.

"हॅलो?"

तो दाराकडे बघत राहिला. आपलं काम कच्चं निघावं, असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटत होतं.