हर्णैचा धोंडा

उभा जन्म नौदलाची नोकरी केली आणि त्या नोकरीत पायाला खारं पाणी म्हणून लागलं नाही, असा माणूस बघायचा असेल तर वराळ्याला यावं आणि सुहास ओव्हाळांचं घर विचारावं. लोणावळ्यात नौदलाची प्रशिक्षणसंस्था आहे, डोंगरात, धुक्यात, चिक्कीच्या दुकानांपासून फार लांब नाही. तिथल्या वर्कशॉपात सुहास फिटर होते. जहाजाची इंजिनं त्यांनी किती खोलली आणि किती जोडली याला गणती नाही. जहाज मात्र बघितलं ते भिंतीवरच्या फोटोत.

ही भूक त्यांनी वेगळ्याच वाटेनं भागवली. सुट्टी मिळाली की एसटी पकडून कोकणात उतरायचं आणि बुडालेल्या जहाजांचं जे काही कोळ्यांच्या जाळ्यात अडकून वर येतं ते गोळा करून आणायचं. तांब्याचे हिरवे पडलेले पत्रे, हातभर लांबीचे खिळे, फुटक्या बाटल्यांचे गळे. निवृत्तीनंतर तर या नादाला धरबंध राहिला नाही. पडवीत फळ्या ठोकून त्यांनी सगळा खजिना मांडला होता. त्याला खजिना म्हणणारे अर्थात ते एकटेच. भोंगा लावून फिरणारा भंगारवाला त्यांच्या दारापुढे आला की गाडी हमखास हळू करायचा आणि आशेनं आत बघायचा.

असल्या माणसाच्या हाती हर्णै बंदरावरचा तो धोंडा लागला. लहान कलिंगडाएवढा, अंगभर शिंपले चिकटलेले, एका कुशीला गंजाचा तांबडा ओघळ. जाळं फाटलं म्हणून वैतागलेल्या कोळ्यानं तो त्यांच्या पिशवीत जवळजवळ टाकलाच. पण ओघळ बघून सुहासनी पिशवीचं तोंड घट्ट बांधलं. गंज आहे म्हणजे आत लोखंड आहे, आणि लोखंड आहे म्हणजे माणसानं केलेलं काहीतरी आहे. फोडावा तर आतली वस्तू फुटायची, न फोडावा तर झोप लागायची नाही.

यातून मार्ग काढला त्यांच्या लेकीनं. यशोधरा आंबीच्या एका कारखान्यात ओतीव लोखंडाच्या सुट्या भागांचे एक्स-रे काढते. ओतताना आत हवेची पोकळी राहिली तर फिल्मवर काळा डाग दिसतो आणि माल बाद होतो. रोज असले काळे डाग शोधणं हेच तिचं काम. तिनं साहेबांना विचारलं. साहेबही मुळात कुतूहलाचे भुकेले, त्यांनी शिफ्ट संपल्यावर धोंड्याचा एक्स-रे काढायची परवानगी दिली.

फिल्म धुऊन उजेडावर लावली आणि यशोधराचे हात जोडले गेले. धोंड्याच्या पोटात कुणीतरी मांडी घालून बसलं होतं. खाली रुंद मांडी, वर सरळ कणा, डोक्याभोवती गोल प्रभावळ, आणि डोक्यावर केसांचा छोटा बुचडा. तिनं फोनवर फोटो काढून घरी पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, पप्पा, बसून घ्या.

सुहास बसले नाहीत. फोन घेऊन ते वस्तीभर धावले. संध्याकाळपर्यंत पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. समुद्राच्या तळातून तथागत आले म्हटल्यावर कोण घरी बसेल. विहार समितीचा तरुण अध्यक्ष प्रज्ञेश याच्या तर अंगात वारं भरलं. येत्या पौर्णिमेला धोंडा वाजतगाजत विहारात न्यायचा, असं त्यानं उभ्या उभ्या ठरवलं आणि फ्लेक्सही छापायला टाकला. शेजारच्या मळ्यातला केरबा, सुहासचा शाळेपासूनचा दोस्त, फोटो उलटसुलट करून म्हणाला की मला तर हा सरळ सरळ महादेव दिसतोय, पण तुमी आधी बघितलाय तर तुमचा. सगळे हसले. केरबानं जाताना हात जोडले, कुणाला ते त्याचं त्याला ठाऊक.

सुहासना आकाश ठेंगणं झालं. काल ज्यांना हा माणूस भंगारात पैसे घालतो असं वाटत होतं, ते आज पडवीतल्या एकेका खिळ्याची हकीकत विचारत होते. आणि दुसरीही एक गोष्ट घडली, जी त्यांनी कुणाला सांगितली नाही. पहाटे उठून ते धोंड्यासमोर बसायला लागले. नुसते बसायचे. डोकं इतकं निवांत व्हायचं की बाहेर दूधवाला ओरडून गेला तरी कळायचं नाही. ज्यांनी लेकीला लहानपणापासून शिकवलं की कुणी सांगितलं म्हणून मानू नकोस, पारखून घे, तेच हे सुहास.

आणि एका दुपारी यशोधरा कामावरून लवकर घरी आली. चेहरा उतरलेला. त्या दिवशी एका पंपाच्या भागात तिला काळा डाग दिसला होता, माल बाद केला होता, आणि सही करता करता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. लोखंड फिल्मवर पांढरं उमटतं. धोंड्यातली मूर्ती काळी होती. जिचा जन्म काळे डाग पकडण्यात चालला, तिनं जन्मातला सगळ्यात मोठा डाग बघितला आणि हात जोडले.

तिनं वडिलांना समोर बसवून सगळं समजावलं. लोखंड पाण्यात गंजत जातं, गंजाभोवती वाळू आणि चुना घट्ट धरतो, कवच होतं. मग आतलं लोखंड हळूहळू विरघळून निघून जातं. वस्तू जाते, वस्तूची जागा तेवढी राहते.

"म्हणजे आत काहीच नाही?" सुहासनी विचारलं.

"काहीच नाही, पप्पा. पण त्या काहीच नाहीला आकार आहे. एक भोक पाडून आत पातळ डिंकासारखं रेझीन ओतायचं, ते घट्ट झालं की कवच फोडायचं. जे होतं त्याची हुबेहूब प्रत हाती येईल. रेझीन सगळीकडे पोचलं नाही तर मात्र कवचही गेलं आणि आकारही गेला."

सुहासनी धोंडा मांडीवर घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मिळालेला मान असा स्वतःच्या हातानं फोडायचा? कुणाला कळणार होतं? धोंडा तसाच विहारात गेला असता, लोक सुखी झाले असते, ते स्वतः सुखी झाले असते. शेवटी त्यांनी मनातली खरी बोच लेकीला सांगितली. धोंड्यात मूर्ती नाही हे ठीक, पण त्याच्यापुढे बसून मला जी शांतता मिळाली ती तर खोटी नव्हती ना? तिचं काय करायचं?

"शांत तुम्ही बसला होतात," यशोधरा म्हणाली. "धोंडा नव्हे."

शालन, सुहासची बायको, मागे उंबऱ्यावर तांदूळ निवडत ऐकत होती. गेले काही दिवस सगळी वस्ती हरखलेली असताना ही बाई मात्र धोंड्याभोवतीचे शिंपल्यांचे कण तेवढे झाडत होती. आता ती सूप बाजूला ठेवून आली.

"मामंजींनी छप्पन साली धम्म घेतला तवा देव्हाऱ्यातलं समदं देव टोपलीत घातलं आन् इंद्रायणीत सोडलं. सासूबाई लय रडल्या, पर सोडलं. त्यांनी देव पाण्यात सोडलं, आन् तुमी पाण्यातनं देव काढून घरात आणताय व्हय? फोडा त्यो."

सुहासना एकदम हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याबरोबर जुनी खाज जागी झाली. आत काही उरलं नाही हे खरं, पण मग होतं तरी काय? रात्री पान्हे पुसून ठेवणारा फिटर त्यांच्यात पुन्हा उठून बसला.

रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या अंगणात सुहासनी सगळ्यांसमोर खरं सांगितलं. प्रज्ञेशचा चेहरा फ्लेक्ससारखा ताणला गेला. एक-दोघे पुटपुटले की यांनी आपलं हसं केलं. पण वंदनेत एहिपस्सिको, म्हणजे या आणि पाहा, असं म्हणणारी माणसं, पाहायची वेळ आल्यावर पाठ कशी फिरवतील? कुणी घरी गेलं नाही. उलट बायकांनी पुढं जागा धरली. केरबाही येऊन भिंतीवर बसला, म्हणाला, महादेव न्हाई निघाला तरी चालंल, पर काय निघतंय त्ये मला बी बघायचंय.

रेझीन यशोधरानं आधीच ओतून वाळवून ठेवलं होतं. सुहासनी छिन्नी लावली. पहिल्या घावाला फक्त शिंपले उडाले. मग कवचाला चीर गेली आणि एक मोठी कपची सुटून खाली पडली. सुहासच्या कपाळावर घाम होता आणि ओठांवर पोरासारखं हसू. त्यांनी छिन्नी ठेवून दिली, उरलेलं नखांनी, ब्रशनं सोडवत गेले. मांडी मोकळी झाली. ती मांडी नव्हती, रुंद लोखंडी पट्टी होती. कणा म्हणजे जाड दांडा. प्रभावळ म्हणजे वरची गोल कडी.

सुहास मोठ्यानं हसले. ही जहाजाच्या अंगावर ठोकलेली, दोर बांधायची कडी. असल्याच कड्यांना साखळ्या अडकवून त्यांनी लोणावळ्यात इंजिनं उचलली होती.

"मग डोक्यावरचा बुचडा?" प्रज्ञेशनं विचारलं. त्याचा राग कधी पळाला हे त्यालाही कळलं नव्हतं, तो सगळ्यांच्या पुढे उकिडवा बसला होता.

सुहासनी ब्रश फिरवला. बुचडा म्हणजे दोराची गाठ होती. दोर केव्हाच कुजून गेला होता, पण पोकळीनं त्याचा पीळ न् पीळ जपला होता. घट्ट आवळलेली, घाईत घातलेली, पण नीट घातलेली गाठ. जहाज बुडालं तेव्हाही ती सुटलेली नव्हती. अंगणातली सगळी डोकी त्या एका गाठीवर वाकली. इतकी वर्षं सुहासनी जहाजांचे तुकडे गोळा केले होते, माणूस आज पहिल्यांदा भेटत होता.

शालननं ती वस्तू त्यांच्या हातातून घेतली. उलटी केली, सुलटी केली, पिळावरून अंगठा फिरवला. मग अंगणातल्या पताकेची सुटलेली दोरी ओढून तिनं खांबाला एक गाठ घातली आणि ती वस्तू त्या गाठीशेजारी धरली. पीळ सारखा, वळण सारखं. सुहासनी स्वतः घालून बघितली, ती उलटी पडली. केरबानं घातली, तीही उलटी.

शालन डावरी आहे. ती त्या गाठीकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली,

"डावराच हुता त्यो. आईनं त्याला बी लय मारलं असंल हातावर."