चषकावरचं नाव

जिल्हा फुटबॉल संघटनेचे सचिव घरी आले, तेव्हा काचवाला जेवून नुकताच आडवा झाला होता. खिडक्या-दारांना काचा बसवायचं त्याचं काम. पाठ टेकायला मिळायची ती रविवारीच. बायकोनं हलवून उठवलं. "अहो, सर आलेत."

त्यांची मुलगी संघटनेच्या लीगमध्ये उजव्या बाजूनं खेळायची. चेंडू पायाशी आला की गर्रकन वळायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. सरावाहून सायकलवर परतताना तिला ट्रकनं उडवलं. ती गेल्यावर सचिवांनीच खटपट करून मुलींच्या स्पर्धेला तिचं नाव दिलं. दरवर्षी अंतिम सामन्याला काचवाला इस्त्रीचा शर्ट घालून जायचा, जिंकलेल्या कर्णधाराला चषक द्यायचा. आई मात्र एकदाही गेली नव्हती.

सचिव खुर्चीच्या कडेवर बसले. चहा निवला तरी कपाला हात लावीनात.

"एक रंगाची कंपनी पुढे आलीय," शेवटी ते म्हणाले. "मुलींना बूट, येण्याजाण्याची गाडी, सगळं देणार. पण पुढच्या वर्षापासून स्पर्धेला त्यांचं नाव हवंय. मी भांडून पाहिलं, भाऊ. पण यंदा दोन संघ गाडीवाचून घरी बसलेत."



"सगळ्या पोरींना बूट?" आईनं विचारलं.

"सगळ्यांना."

"मग द्या त्यांचं नाव. आमची वर्षभर मामेबहिणीच्या बुटांत बोळे कोंबून खेळली."

सचिव गेल्यावर काचवाला चिडला. "तुझं काय जातंय? तू कधी फिरकलीस तिकडे?"

"तिच्याएवढ्या पोरी धावताना मला बघवल्या नसत्या," ती म्हणाली. "तुम्हाला तिथं बरं वाटायचं, म्हणून मी कधी अडवलं नाही."



यंदाच्या सामन्याला मात्र ती गेली. सबंध वेळ पदर मुठीत धरून बसली. चषक घेताना घामानं निथळणाऱ्या कर्णधारानं त्यावरचं नाव वाचलं.

"काकू, या ताई कोण तुमच्या?"

"मुलगी."

पोरगी जरा गडबडली. "चांगल्या खेळायच्या?"



"चेंडू द्यायची नाही कुणाला," आई म्हणाली. "त्यावरून रोज बोलणी खायची."

"मी पण खाते," पोरगी हसली आणि चषक उंचावत मैत्रिणींत पळाली.

पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही. त्या रविवारी काचवाला मुद्दाम कामावर गेला, आणि दुपारीच तळहात कापून घरी आला. इतक्या वर्षांत त्याला काच अशी कधी लागली नव्हती. बायकोनं हात धुतला, औषध लावून पट्टी बांधायला घेतली.

"आज सामना होता ना?"

"असेल."

"बघून यायचं होतं."

"कोण म्हणून जाऊ?" तो म्हणाला आणि तिच्यासमोर पहिल्यांदाच हुंदके देऊन रडला.

तिनं त्याला गप्प केलं नाही. पट्टीची गाठ मारली आणि त्याचा हात तसाच मांडीवर घेऊन बसून राहिली.