बॉबिनचं नाव

त्या रविवारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. दुकानात बसतो, समोर मशीन उघडलेलं असतं, आणि हातातला पेचकस कशासाठी घेतला तेच आठवत नाही. गिऱ्हाईक विचारतं, "काय हो, बरं आहे ना?" मी म्हणतो, "हो, हो." काय बरं असणार, डोंबल! सांगतो सगळं, पण मध्ये बोलू नका.

आमचं पोरगं मान धरायला लागलं, हसायला लागलं, माझ्या मिशा ओढायला लागलं, तरी त्याला नाव नव्हतं. मी त्याला बॉबिन म्हणायचो. शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस आपल्या पोराला लाडाने दुसरं काय म्हणणार? बॉबिन म्हणजे मशीनच्या पोटातलं दोऱ्याचं छोटं रीळ: गोल, गुळगुळीत, आणि त्याचं बिनसलं की सगळं काम ठप्प. बायकोला हे नाव अजिबात आवडायचं नाही. लस द्यायला नेलं तेव्हा नर्सने विचारलं, "बाळाचं नाव?" मी तोंड उघडणार इतक्यात बायकोने असं काही बघितलं माझ्याकडे, की मी मुकाट्याने बाहेर जाऊन बाकावर बसलो.

नाव ठरत नव्हतं ते आमच्या घरच्या नियमामुळे. आमच्यात जिवंत माणसाचं नाव बाळाला ठेवत नाहीत. घरातलं जे माणूस गेलं, त्याचंच ठेवायचं, म्हणजे ते हाकेपुरतं तरी घरात राहतं. नियम कुणी केला देव जाणे, पण तो राखायला आमची ताई बसलेली. ताई शाळेत मुख्याध्यापिका, आणि घरात त्याच्याही वर. बरं, आमच्याकडची माणसं चिवट, लवकर जात नाहीत. जे गेले ते एकेक नमुने. एका चुलत आजोबांनी म्हणे रागाच्या भरात स्वतःच्याच दुकानाला कुलूप लावलं आणि किल्ली विहिरीत फेकली. बायको म्हणाली, "नको बाई, नावाबरोबर गुणही आले तर?" मग म्हणाली, "माझ्या आजोबांचं ठेवूया. किती गोड नाव आहे."

"आहेत ना ते अजून?" ताईने विचारलं.

"आहेत की. सकाळीच फोन आला होता."

"मग नाही." विषय संपला. बायकोने त्या दिवशी भांडी अशी आदळली की खाली दुकानात मला वाटलं भिंत पडली.

पण खरं सांगू? नियम बियम ठीक आहे, वेळ मीच काढत होतो. मला नाव बाबांकडून हवं होतं.

बाबा माझ्या लहानपणी घर सोडून गेले. त्यांचंही काम मशीन दुरुस्तीचंच. गावोगाव फिरायचे, शिंप्यांच्या दुकानात बसून मशीनं दुरुस्त करायचे. डावखुरे होते, आणि मशीनला कान लावून आवाज ऐकायची सवय. आधी ऐकायचे, मग हात लावायचे. एके दिवशी आईशी कडाक्याचं भांडण झालं, दुसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून निघाले, ते परत आलेच नाहीत. त्यानंतर आईच्या तोंडून त्यांचं नाव कधी ऐकलं नाही. दुसऱ्या कुणी काढलं तर उठून आत जायची. कुंकू, मंगळसूत्रही तिने तेव्हाच रागाने सोडलं होतं. मी मात्र हट्टाने त्यांचंच काम शिकलो, दुकान टाकलं, आणि जमेल तेव्हा त्यांना शोधायला जाऊ लागलो. दुकानाचं शटर ओढायचं, बस पकडायची, एखाद्या गावी उतरायचं आणि तिथली शिंप्यांची दुकानं पालथी घालायची. "डावखुरा मेकॅनिक, मशीनला कान लावून ऐकतो, बघितलाय का कुणी?" लोक चहा पाजायचे आणि मान हलवायचे. मित्र म्हणायचे, वेड लागलंय तुला. लागू दे. माणूस हयात आहे तर पोटासाठी काम करणार, आणि बाबांना काम म्हणजे मशीनच ठाऊक. आज ना उद्या सापडणारच, असा माझा हिशोब. आई यावर काही बोलायची नाही. दर खेपेला डबा भरून द्यायची, इतकंच.

तर तो रविवार. दुपारची जेवणं झाली होती. दुकानाच्या वरच आमची खोली. आई पलंगावर बसून बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती, ताई खुर्चीत, आणि बायको बॉबिनला खांद्यावर घेऊन ढेकर काढत होती. मी जाहीर केलं, "येत्या आठवड्यात मी जातोय. या खेपेला बॉबिनचा फोटोही नेतो. बाबा सापडले की तेच नाव ठेवतील."

"आणि नाही सापडले तर?" बायको म्हणाली. "पोरगं शाळेत बॉबिन म्हणून जाणार?"

"जाईल की. वर्गात दुसरा बॉबिन असणार नाही, गोंधळच नको."

मी एकटाच हसलो. ताई नखं बघत होती. आईच्या हातातली घडी तशीच अर्धी राहिली. मग ती म्हणाली, "तू आता जाऊ नकोस."

"का?"

"बाळाला यांचंच नाव ठेव." आणि तिने बाबांचं नाव घेतलं. स्पष्ट, पूर्ण. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

अहो, मला काय झालं म्हणून सांगू! मी उभाच राहिलो. आईने बाबांना माफ केलं, हेच पहिलं मनात आलं. राग गेला बघा म्हातारीचा, नातू काय आला, सगळं वितळलं! मी आईचे खांदे धरून तिला गदागदा हलवलं, बॉबिनच्या गालाचा मुका घेतला, ताईला म्हटलं, "ऐकलंस का? ऐकलंस का?" ताईने तोंड फिरवलं. मला वाटलं, गहिवरून आलं असेल.

माझी बायको सरळ बाई आहे. मनात येतं ते बोलून टाकते. तिने बॉबिनला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि जरा फणकाऱ्यानेच म्हणाली, "वा! माझ्या आजोबांचं नाव चालत नाही, का तर ते आहेत. मग बाबांचं कसं चालतं?"

मी हसत हसत ताईकडे वळलो. म्हटलं, आता ही नियमाला कशी बगल देते बघू. ताई नियमातून पळवाट कधी काढत नाही, तिचा तो स्वभावच नाही. ती काहीतरी बोलेल, निदान "आईची इच्छा आहे" एवढं तरी म्हणेल, म्हणून मी थांबलो. ताईने मान खाली घातली.

मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती.

काळजात धस्स होणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. तोपर्यंत मी ते नुसतंच बोलत होतो.  बायकोच्याही लक्षात आलं, कारण ती बाळासकट मटकन खाली बसली. "अगं बाई," एवढंच म्हणाली.

"आई," मी म्हटलं, "बाबा कुठे आहेत?"

"गेले."

"कधी?"

"तुझी मेकॅनिकची परीक्षा होती बघ. तेव्हा."

परीक्षा! अहो, त्यानंतर ताईचं लग्न झालं, मी दुकान टाकलं, माझं लग्न झालं, पोरगं झालं. आणि या सगळ्या काळात मी बस पकडून मेलेला माणूस शोधत होतो. मला ओरडायचं होतं. पण बाहेर पडलं ते भलतंच. "तू डबा भरून द्यायचीस," मी म्हटलं. "दर वेळी. डबा भरून द्यायचीस मला!"

"उपाशी कसं पाठवू?" आई म्हणाली.

 माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पलंगावरची दुपटी मी भिरकावून दिली, स्टुलाला लाथ मारली, तोंडाला येईल ते बोललो. बॉबिन दचकून रडायला लागला. "आणि तू?" मी ताईवर घसरलो. "मुख्याध्यापिका! पोरांना खरं बोला म्हणून शिकवतेस ना?"

"मी बरोबर गेले होते आईच्या," ताई म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू येईना. "लग्नाला जातोय म्हणून सांगितलं होतं तुला. एका शिंपीणबाईंनी कळवलं होतं. त्यांच्याच दुकानामागच्या खोलीत राहायचे बाबा. छातीचं दुखणं होतं. आम्ही पोचलो तेव्हा शुद्धीवर होते. तुझंच विचारलं. आई म्हणाली, मशीनचं काम शिकतोय, परीक्षा चालू आहे. तर म्हणाले, मग त्याला आत्ता काही कळवू नका, पेपर होऊ देत."

"पेपर झाले की! पेपर कधीच झाले!"

"झाले," आई म्हणाली. "तू पहिला आलास. गल्लीभर नाचत सुटलास आणि घरात येऊन म्हणालास, आता बाबांना शोधून दाखवतो मी काय शिकलोय ते. तुझं ते तोंड बघितलं आणि माझी दातखीळच बसली. म्हटलं, उद्या सांगू. मग हिचं लग्न निघालं. मग तुझं दुकान. प्रत्येक वेळी घरात काहीतरी चांगलं चालू असायचं रे. आणि तू शोधायला जायला लागलास, तेव्हा तर... तेव्हा सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?"

"कुठलं गाव?"

आईने गाव सांगितलं.

मी त्या गावी जाऊन आलो होतो. बसस्टँडच्या मागची गल्ली, निळं दार, काचेच्या बरणीत रंगीबेरंगी बटणं. मला ती शिंपीण डोळ्यांसमोर दिसली. माझा प्रश्न ऐकून ती बराच वेळ नुसती बघत राहिली होती. मग चहा ठेवला. मला रिकामं बसवत नाही, म्हणून मी तिचं मशीन उघडून बघितलं. इतकं नीट राखलेलं मशीन मी तोवर बघितलं नव्हतं. कुठे गंज नाही, कुठे खडखड नाही. मी विचारलं, "कोण बघतं हो तुमचं मशीन?" ती म्हणाली, "होता एक जण. आता नाही येत." आणि मी, हा शहाणा, काय म्हणालो असेन? म्हणालो, "भेटला तर सांगा त्याला, काम एक नंबर आहे."

तिने पदर डोळ्याला लावला होता. मला वाटलं, चुलीचा धूर.

"तिचा फोन आला होता," आई म्हणाली. "म्हणाली, मुलगा येऊन गेला, तसाच मशीनला कान लावून बसला होता. त्याला खरं सांगवलं नाही मला, म्हणाली."

मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि रडलो. लहान पोरासारखा, हुंदके देऊन. लाज कसली त्यात? बायको जवळ आली, तिने बॉबिनला माझ्या मांडीवर ठेवलं. तो रडून रडून दमला होता, दोन-चार उसासे टाकून झोपून गेला. आई जागची हलली नाही. तिला जवळ यायचं होतं, पण मी येऊ देईन की नाही याची तिला खात्री नव्हती. खरं तर मलाही नव्हती.

शेवटी ताईनेच विचारलं, "मग? हे नाव ठेवायचं का?"

हो म्हणायचं म्हणजे बाबा गेले हे मी मानायचं. नाही म्हणायचं म्हणजे पुढच्या आठवड्यात परत बस पकडायची आणि परत डबा घ्यायचा. मी पोराच्या तोंडाकडे बघत बसलो. रागही होता, अजून आहे. म्हणून बोललो तेही रागातच बोललो.

"ठेवू. हेच ठेवू. पण हाक तू मारायचीस, आई. रोज, सगळ्यांच्या देखत. हळू नाही, खालच्या दुकानात ऐकू येईल अशी. इतकी वर्षं नाव दाबून ठेवलंस ना? मग मार आता हाक."

"अहो, पुरे ना," बायको कुजबुजली.

"नाही. आत्ता मारायची."

आई उठली. पलंगाचा कठडा धरून उभी राहिली. पहिल्या खेपेला नुसते ओठ हलले. तिने घसा खाकरला, आणि मग जेवायला बोलवावं तशी मोकळ्या आवाजात बाबांच्या नावाने हाक मारली.

बॉबिन झोपेतच राहिला. मी दाराकडे बघितलं. ताईला तर सगळं आधीपासून माहीत होतं, पण तिनेही बघितलं. आणि आईनेही.