कळ ओसरल्यावर

ठमीचं पोट पुन्हा दगडासारखं झालं आणि तिचे बाबा खुर्चीच्या कडेवर सरकले. जावई परगावी अडकला होता, विमान मिळेल तेव्हा पोचणार होता. म्हणून प्रसूतीच्या खोलीत तिच्याजवळ बाबा बसले होते.

"बाळंत मी होतेय की तुम्ही?" कळ गेल्यावर ठमी म्हणाली. "जरा श्वास घ्या, बाबा."

बाबा हसले नाहीत. ठमीला आतड्याच्या सुजेचा आजार होता. तिच्या आईलाही हाच होता. गेल्या साली आईचं दुखणं अनावर झालं, औषध दिलं, दुखणं थांबलं, सगळ्यांना हायसं वाटलं. आत आतडं फुटलंय हे कळेपर्यंत उशीर झाला होता; ती गेली. तेव्हापासून 'दुखायचं थांबलं' या शब्दांवर बाबांचा विश्वास उरला नव्हता.

आणि ठमीला आता पाठीतली सुई हवी होती. वेदना बधिर करणारी.

भूलतज्ज्ञ बाई आत आल्या. असा आजार असलेल्या बायकांना बाळंतपणात ही सुई कशी मानवते, याचा त्या अभ्यास करत होत्या. ठमीनं त्यात भाग घ्यायला आधीच होकार दिला होता. म्हणून त्यांनी इतर बाळंतिणींना सहसा न विचारलेलं विचारलं.

"कळ ओसरली की पोट अगदी शांत होतं? की काही दुखत राहतं?"

"अगदी शांत," ठमी चटकन म्हणाली. "द्या ना आता सुई."

कळा दाखवणाऱ्या यंत्रावरची रेघ खाली आली होती, पण ठमीच्या पायांची बोटं आत वळलेलीच होती. आजार उसळला की ती अशीच पडायची आणि वर थट्टा करायची. आईचंच वळण. बोलावं तर पोरीची सुई जाईल. न बोलावं तर... बाबांनी बाईंकडे पाहिलं.

"खोटं बोलतेय ती," ते म्हणाले. "मधेही दुखतंय तिला."

"बाबा! कुणी विचारलं तुम्हाला? बाप आहात की वैरी?"

बाईंनी उजव्या कुशीत हलकेच दाबून पाहिलं. ठमी कळवळली.

"कधीपासून दुखतंय?"

"कालपासून. सांगितलं तर सुई देणार नाही असं वाटलं."

"असं कोण म्हणालं? सुई मिळेल. पण आधी पोटाचे सर्जन बघतील. एकदा बधिर झालीस की तू काही सांगू शकणार नाहीस. कुठे लक्ष ठेवायचं ते आम्हाला आधी कळायला हवं."

"आणि नंतर बिघडलं तर?" बाबांनी विचारलं.

"ताप आणि नाडी सुईनं लपत नाहीत."

"खात्रीनं सांगता?"

"खात्री नाही देत, काका. बघत राहू, एवढं देते."

सर्जन आले, सोनोग्राफी झाली. सूज होती, फाटलेलं काही नव्हतं. मग ठमीला पुढे वाकवून बसवलं. तिनं बाबांच्या खांद्यावर कपाळ टेकलं.

"हलू नका," ती दात खाऊन म्हणाली. "राग गेलेला नाही माझा."

बाबा हलले नाहीत. सुई आत गेली आणि हळूहळू तिचे खांदे सैल पडले. ती उशीवर टेकली आणि डोळे मिटले.

"दुखतंय?"

"नाही हो, बाबा. काहीच नाही."

बाबा तडक पलंगाशी उभ्या असलेल्या नर्सकडे वळले. "ताप बघा."

"आत्ताच पाहिला, काका."

"माहीत आहे. परत बघा."

नर्सनं एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थर्मामीटर उचललं.